खांद्यावर दावं घेतलेला माणूस

मी घर सोडलं त्या सकाळी मायनं माझी वळकटी सुतळीनं बांधली होती. आत एक वाकळ, दोन शर्ट, धोतराच्या फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि मधोमध माझा रंगांचा डबा. नानांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, वळकटी उचलून पाहिली, सुतळीला एक हिसका दिला आणि ती तटकन तुटली. त्यांना तेच दाखवायचं होतं. मग ते गोठ्यात गेले आणि खुंटीवरच्या दोन दाव्यांपैकी एक काढून घेऊन आले.

माय दारातच आडवी आली. "दावं घराभायेर देत्यात व्हय? काय कळतंय का न्हाय तुमाला?"

नाना वळकटीवर गुडघा रोवून दावं आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "इकलेल्या जनावराबरूबर देत न्हाईत. ह्याला म्या इकलंय व्हय?"

मायनं पदर तोंडाला लावला आणि बाजूला झाली. कळंबच्या स्टँडवरून कुर्डुवाडीची एसटी होती, तिथून मुंबईची रेल्वे. कंडक्टरनं वळकटी टपावर टाकली तेव्हा बैल बांधायच्या दाव्याची ती गाठ बघून दोघंतिघं कॉलेजची पोरं हसली. मलाही लाज वाटली. नाना खाली उभे होते, टपाकडं बघत, म्हणजे माझ्याकडं नाही, वळकटीकडं बघत.

हे मी तिकडं राहिलेल्या माझ्या माणसांसाठी लिहितोय आणि माझ्यासारखंच पुणे, मुंबई, मस्कत जिथं मिळेल तिथं निघून गेलेल्यांसाठीही. राहिलेल्यांना दाव्याचं काही सांगायची गरज नाही. गेलेल्यांच्या पोराबाळांसाठी सांगतो. आपल्याकडं बाजारात जनावर विकलं तरी त्याचं दावं विकत नाहीत. घेणारा आपलं दावं घेऊन येतो, विकणारा आपलं सोडून घरी आणतो आणि खुंटीला टांगतो. दावं घरात असलं की गोठा रिकामा राहत नाही, दुसरं जनावर येतं, असं मानतात. आमच्या खुंटीवर दुष्काळापासून दोन दावी टांगलेली होती. अंबाडीची, नानांनी स्वतः वळलेली. आमच्या दोन बैलांची, एक पाखऱ्याचं आणि एक हौश्याचं. माझ्याबरोबर आलं ते हौश्याचं.

मुंबईत चित्रकलेचा डिप्लोमा केला. डिप्लोमा करून कुणी चित्रकार होत नाही, निदान माझ्या वर्गातलं कुणी झालेलं मला ठाऊक नाही. मी तसबिरींच्या चौकटी बनवायच्या एका कारखान्यात लागलो. मालकाचे भाऊबंद बेल्जियममध्ये हिऱ्याच्या धंद्यात होते. त्यांच्या नव्या घरात लाकडाचं नक्षीकाम करायला मला नेलं. काम संपलं, परतीचं तिकीटही होतं, पण मी राहिलो. पुढं तिथल्याच एका म्युझियमच्या फ्रेमांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली. आता कीड लागलेल्या जुन्या फ्रेमा दुरुस्त करतो, सोन्याचा वर्ख लावतो, ट्रामनं घरी येतो, डब्यातली ज्वारी संपली की चिडचिड करतो. गावाकडं सांगताना भानुदास, म्हणजे माझा धाकटा भाऊ, म्हणतो की दादा फॉरेनला मोठा आर्टिस्ट आहे. मी कधी खोडून काढत नाही, त्याची गावात तेवढीच ऐट.

आमच्या म्युझियममध्ये राजे आहेत, संत आहेत, पण खालच्या मजल्यावर दोन अख्ख्या खोल्या शेतकऱ्यांच्या आहेत. मी तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा पाय निघेना. तीनशे-चारशे वर्षांपूर्वीचे बाजार. कोबीचे गड्डे माणसाच्या डोक्याएवढे. कोंबड्या, अंडी, मासे, लोण्याचे गोळे. बायांचे हात कोपरापर्यंत लालबुंद. कुणी बाकावरून पडतोय, कुणी भिंतीच्या आडोशाला उभा आहे, कुणाच्या ताटात कुत्र्यानं तोंड घातलंय. मला वाटलं, वा रे लोक, गरिबाघरचं इतक्या मायेनं रंगवलं. मग आमच्या क्युरेटरबाईंनी एकदा शांतपणे सांगितलं की ही चित्रं शेतकऱ्यांनी कधी पाहिलीच नव्हती. शहरातले पैसेवाले ती विकत घेऊन जेवणाच्या खोलीत लावायचे आणि पाहुण्यांसोबत जेवताना त्या लाल नाकांना हसायचे. दुसऱ्या खोलीतली अलीकडची, शे-सव्वाशे वर्षांपूर्वीची. तिथं संध्याकाळचं पिवळं ऊन, वाकलेल्या बाया, मान खाली घातलेले गडी. ती बघताना शहरवाले डोळे पुसायचे म्हणे. एका खोलीत हसले, एका खोलीत रडले, आणि दोन्ही वेळा जेवून झोपले.

आणि दोन्ही खोल्यांत दुष्काळ कुठंच नाही. मी शोधला. एवढ्या बाजारांत एकही असा नाही की जिथं सगळे विकायला आलेत आणि घ्यायला कुणी नाही. तसलं चित्र कोण लावील जेवणाच्या खोलीत?

पहिल्या खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीच्या उजव्या बाजूला, एक गुरांचा बाजार आहे. चित्र मोठं नाही. मधे गायी, दोन माणसं हातावर टाळी देऊन सौदा पक्का करतायत, एक बाई हसतेय. आणि डाव्या कडेला एकटा एक माणूस आहे, अंगात मातकट कोट आणि खांद्यावर दोराचं वेटोळं. त्याच्याजवळ जनावर नाही.

मी त्याला बघताक्षणी ओळखलं. ते नाना होते.

बहात्तर साली पावसानं सलग दुसऱ्यांदा तोंड फिरवलं. विहिरीत उतरून गाळ काढला, तोही कोरडा निघाला. कडबा संपल्यावर नानांनी छपराचं गवत उपसून बैलांपुढं टाकलं. काळं पडलेलं, धुरकट गवत. पाखऱ्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. गावातली सगळी माणसं, आमची, वतनदारांची, बुद्धवाड्यातली, एका रांगेत बसून रस्त्यासाठी खडी फोडत होती. माय पण होती. नाना मात्र बैल घेऊन पाण्याच्या शोधात फिरायचे. एके दिवशी त्यांनी मला म्हटलं, "चल. बाजारला जाऊ." हौश्या माझ्याकडं दिला आणि पाखऱ्या त्यांनी धरला.

कळंबच्या बाजारात त्या दिवशी दुसरं काही नव्हतंच. जिथं एरवी मिरच्यांचे ढीग, गुळाच्या ढेपा, बांगड्यांची दुकानं असायची, तिथंही बैलच उभे होते. एवढे बैल आणि बाजारात आवाज नाही. एका दलालानं नानांचा हात धरला, त्यावर आपला रुमाल टाकला आणि रुमालाखाली बोटं हलायला लागली. आपल्याकडं भाव तोंडानं बोलत नाहीत, बोटं बोलतात. नानांचा चेहरा काही हलत नव्हता. शेवटी रुमाल निघाला. काय ठरलं ते मी विचारलं नाही, मायनंही पुढं कधी विचारलं नाही.

घेणारा नदीकाठचा होता. त्याच्याकडं पाणी होतं, म्हणजे बैल जगणार होते, एवढं खरं. नानांनी दोघांची दावी सोडली. नदीकाठच्या माणसाला आपली दावी पिशवीतून काढायला जरा वेळ लागला आणि तेवढ्यात ते झालं. आमच्या घरी दावं सोडलं की बैल पाण्यावर न्यायचे, रोजची रीत. नाना दावी खांद्यावर टाकून वळले तसे पाखऱ्या आणि हौश्या दोघंही त्यांच्या मागं चालायला लागले. त्यांना वाटलं, पाण्यावर चाललोय. दलाल ओरडला, लोकांनी अडवलं. नानांनी मागं पाहिलं नाही. मला एवढंच म्हणाले, "चल."

त्या उन्हाळ्यात रस्त्यानं खांद्यावर दावी टाकलेली कितीतरी माणसं चालताना दिसायची. असा माणूस समोरून आला की त्याला कुणी राम राम करायचं नाही. बोलायचं काय त्याच्याशी? खडी फोडणाऱ्या बायासुद्धा तो पुढं जाईपर्यंत हातोडी थांबवायच्या.

म्हणून सांगतो, ते चित्रातले नानाच होते. मी रोज दुपारच्या सुट्टीत तिथून चक्कर मारायचो. खरं तर त्या परक्या मुलखात मला त्यांचाच आधार होता. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी एकानं तरी विकून चाललेला माणूस पाहिला, गर्दीतून बाजूला काढला आणि रंगवला, याचं मला बरं वाटायचं. त्या खोलीत यंत्रं आहेत. हवा फार कोरडी होऊ नये, फार दमट होऊ नये म्हणून दिवसरात्र चालतात. आमच्या अख्ख्या तालुक्याला नव्हतं ते त्या एका कोपऱ्याला होतं.

दुष्काळ हटला आणि गावात सोसायटी आली. मारुतीच्या पारावर माइक लावून चेअरमननं सांगितलं की दुष्काळात ज्यांची जनावरं गेली त्या सभासदांना सोसायटी बैलजोडी देणार. टाळ्या पडल्या. नानांनी त्याच दिवशी अंगठा नाही, सही केली. सही करता येते याचा त्यांना अभिमान होता. मी मुंबईहून काही वर्षांनी पहिल्यांदा सुट्टीला गेलो तेव्हा योगायोगानं सोसायटीची वार्षिक सभा होती. नाना धुतलेलं धोतर नेसले, टोपी घातली, खुंटीवरचं उरलेलं दावं काढलं आणि खांद्यावर टाकून निघाले. मी म्हटलं, "नाना, दावं कशाला सभेला?"

"अरं, मिळाली जोडी तर आणू कशी? मोकळी?"

सभेत ते सगळ्यात पुढं बसले. अहवाल वाचून झाला, हार-तुरे झाले, आणि नाना उठले. "आमच्या जोडीचं कसं?" मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. चेअरमनही हसले आणि म्हणाले, "नाना, फुडल्या साली नक्की." ते दरसाल ठरलेलंच झालं होतं म्हणे. गावानं त्यांना नाव ठेवलं होतं, दावेवाले नाना. पोरं रस्त्यानं विचारायची, नाना, जोडी आली का? नाना सांगायचे, येणार हाय. जोड्या आल्या नाहीत असंही नाही. आल्या की, पण ज्यांचे गोठे आधीच भरलेले होते त्यांच्याच दावणीला. चेअरमनच्या मेहुण्याचा गोठा तर वाढवून बांधावा लागला.

पुढं सोसायटीनं ट्रॅक्टर आणला. त्याला झेंडूचे हार, पुढं नारळ, चेअरमन स्टिअरिंगवर आणि बाजूला सगळे पुढारी दात दाखवत. तो फोटो भानुदासनं मला बेल्जियमला पाठवला. मी तो क्युरेटरबाईंना दाखवला नाही, पण मनात म्हटलं, हे आमच्याकडचं जेवणाच्या खोलीतलं चित्र. त्या सालच्या सभेत नानांनी पुन्हा विचारलं तेव्हा चेअरमन म्हणाले, नाना, बैलाचा जमाना गेला आता. ट्रॅक्टर सगळ्यांचा होता. फक्त तो नानांच्या रानात यायचा तेव्हा पेरणीची ओल उडून गेलेली असायची. त्यापेक्षा नाना दुसऱ्यांच्या रानात राबायचे आणि त्या बदल्यात दोन दिवस त्यांचे बैल मागून आणायचे. मायनं एकदा सांगितलं की ते मागून आणलेले बैल संध्याकाळी परत करायच्या आधी थोडा वेळ आपल्या गोठ्यात नेऊन बांधायचे. नुसते.

नाना गेल्याची तार मला मिळाली तेव्हा तिकडं सगळं उरकलं होतं. रजा, तिकीट, विमान करत पोचेपर्यंत दहावाही होऊन गेला. येताना मी बॅगेत हौश्याचं दावं टाकलं होतं. डोक्यात एकच होतं: ते पाखऱ्याच्या दाव्याशेजारी खुंटीला टांगायचं. बाकी काही मला करता येण्यासारखं उरलं नव्हतं.

गोठ्याला दार बसवलेलं होतं आणि दाराला कुलूप. फटीतून पाहिलं तर आत छपरापर्यंत खताची पोती. सोसायटीचं गोडाऊन. भानुदास माझ्या मागं उभा होता. म्हणाला, "रिकामाच पडला व्हता दादा. नानाच्या हयातीतच दिला. नाना काय बोलले न्हाईत."

"आणि दावं? पाखऱ्याचं?"

त्यानं मायकडं पाहिलं. मग मायनंच सांगितलं, चुलीपुढून, माझ्याकडं न बघता. "तिरडी बांधायला दोर कमी पडला. दुकानं बंद. मग त्येच घेतलं."

मला काय वाटलं ते इथं नीट सांगता येणार नाही. राग आला, भानुदासचा, मायचा, त्या बंद दुकानांचा. गावानं आयुष्यभर ज्या दाव्याची टिंगल केली त्याच दाव्यानं माणसाला बांधून नेलं आणि जाळलं, आणि न्यायला तेच गाव होतं, चेअरमन पुढं. खांदा दिला म्हणे त्यांनी. मी बॅगेतून हौश्याचं दावं काढलं तेव्हा मायनं ते हातात घेतलं, पीळ बोटांनी चाचपला आणि परत दिलं. "ठीव तुझ्यापशी. हितं कुठं टांगतूस?"

खरंच, कुठं टांगणार होतो? खुंटी गोठ्यात होती, गोठा कुलपात होता. दावं पुन्हा बॅगेत घातलं. मुंबईच्या कस्टमवाल्यानं ते बाहेर काढून वास घेतला आणि विचारलं, हे काय? मी म्हटलं, दोर. त्याला तेवढं पुरलं.

परत आल्यावर थोड्या महिन्यांनी तो गुरांचा बाजार आमच्या वर्कशॉपमध्ये आला. फ्रेमचा खालचा कोपरा उकलला होता. चित्र टेबलावर आडवं ठेवलेलं, डोक्यावर मोठा दिवा, आणि माझा माणूस पहिल्यांदा माझ्या एवढ्या जवळ. क्युरेटरबाई शेजारी उभ्या होत्या. भल्या बाई आहेत, नाना गेले तेव्हा त्यांनीच सगळ्यांकडून मला रजा मिळवून दिली होती. मला राहवलं नाही. इतकी वर्षं कुणाला बोललो नव्हतो ते बोललो. म्हटलं, हा बघा, हा आपलं जनावर विकून चाललाय.

त्यांना नवल वाटलं. विचारलं, कशावरून? मी त्याच्या खांद्यावरचं दावं दाखवलं, आमच्याकडची रीत सांगितली. त्यांनी मन लावून ऐकलं, मग अगदी हलक्या आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाल्या की इकडं तसं नव्हतं. इकडं गाय विकली की जुना दोर तिच्याबरोबरच जायचा, नवा दोर घेणारा घेऊन यायचा. हा माणूस बाजारातून बाहेर पडत नाहीये, आत शिरतोय. त्याचं तोंड बघा, गायींकडं आहे. दोर नवा आहे, बुटाला अजून चिखल नाही. हा विकून आलेला नाही. हा घ्यायला आलाय.

मी पाहिलं. खरं होतं. इतकी वर्षं मी त्याच्या खांद्याकडंच बघत आलो होतो, तोंडाकडं कधी पाहिलंच नव्हतं. तोंड चांगलं हसरं होतं. डोळे बारीक करून तो गायी निवडत होता. ते पाहून मला इतका संताप आला की मी हात धुवायच्या निमित्तानं बाहेर गेलो. चारशे वर्षांच्या दोन खोल्यांत माझा एकच माणूस होता, तोही खाऊनपिऊन सुखी निघाला. नंतर कितीतरी दिवस मी त्या कोपऱ्याकडं फिरकलो नाही.

पण तो चेहरा काही डोळ्यांपुढून हलेना. पाहिल्यासारखा वाटत होता. आणि एक दिवस ट्राममध्ये बसलो असताना लख्खकन आठवलं कुठं पाहिला होता ते. सोसायटीच्या सभेत, पुढच्या रांगेत. धुतलेलं धोतर, टोपी, खांद्यावर दावं, आणि डोळे बारीक करून समोर बघणारे नाना. चेअरमनला, गावाला, भानुदासला, मलासुद्धा त्या दाव्यात एकच दिसलं होतं: बैल विकून बसलेला, डोकं फिरलेला म्हातारा. नाना तर दरसाल घ्यायला निघाले होते. विकून आले ते एकदाच, आणि ते तिथंच संपवून आले होते. बाकी सगळी वर्षं हा माणूस बाजाराच्या तोंडाशी दावं घेऊन उभा होता आणि आम्ही त्याला आत शिरू दिलं नाही. वर हसलो.

इथं लोक मला विचारतात, घर कुठं तुमचं? पूर्वी मी उस्मानाबाद म्हणायचो, कुणी आपलं भेटलं तर धाराशिव. आता दोन्ही म्हणवत नाही. माय थकलीये, भानुदासनं माझ्यासाठी सिमेंटची एक खोली बांधलीये, ये म्हणतो. जाईनही. पण घर म्हटलं की मला ती खोली दिसत नाही, गोठ्याचं ते कुलूप दिसतं.

हौश्याचं दावं मी वर्कशॉपमध्ये खिळ्याला टांगलंय. हवा राखणारं यंत्र तिथंही आहे, म्हणजे ते टिकेल, माझ्या पाठीमागंही टिकेल. उद्या कुणी शेजारी माहितीचा कागद चिकटवून त्याच्यावर काहीबाही लिहील. लिहू दे. नाना वळकटीवर गुडघा रोवून म्हणाले होते, "ह्याला म्या इकलंय व्हय?" नाही नाना, तुम्ही विकलं नव्हतं. पण परत येऊन बांधून घ्यायला एक खुंटी लागते, आणि ती तेवढी आपण कुणी शाबूत ठेवली नाही.